रात्रीसुद्धा मशीन चालवते

जाड कापडाला सोळा नंबरची सुई. पातळाला चौदा.

केमिस्ट गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून देतो. पाच मागितल्या तर पाच. कापलेल्या तुकड्यावर औषधाचं अर्धंच नाव येतं.

सन छप्पन. सोळा वर्षांच्या एका पोराने आईची परडी विहिरीत टाकली.

आमची शेळी पुण्याला गेली नाही. शेळीचे पैसे गेले.

कोळशाची इस्त्री, आत निखारे नसताना, साडेचार किलो भरते.

"ताई, माझा खिसा कुठाय?"

शुक्रवार, १३ जून १९९७, संध्याकाळी पाच.

*

यातलं शेवटचं आधी सांगते, कारण सगळं त्याच्यावर होतं.

राजूरच्या एका मुलींच्या निवासी शाळेला शिवण शिकवायला बाई हवी होती. जागा अपंगांसाठी राखीव. महिन्याच्या महिन्याला पगार, राहायला दोन खोल्या. अर्ज त्या शुक्रवारी पाचच्या आत संस्थेच्या नगरच्या ऑफिसात पोचायला हवा. सोबत मेडिकल बोर्डाचा दाखला: अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त. त्याच दाखल्यावर खाली आणखी एक ओळ असते. 'सदर व्यक्ती शिवणकामास सक्षम आहे / नाही.' नको ते खोडायचं.

म्हणजे एकाच कागदावर दोन गोष्टी दाखवायच्या. मी धड नाही. आणि मी धड आहे.

माझं नाव चांगुणा भिमाजी भिंगारदिवे. तेव्हा वय एकतीस. डावा पाय दोन वर्षांची असताना पोलिओने गेला, त्याला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर. उजवा चांगला. उजवा चांगला होता.

राहायला भिंगारला, दादांच्या क्वार्टरमध्ये. दादा म्हणजे माझे वडील, लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन मजूर. पुढच्या जूनला ते रिटायर होणार होते, आणि त्याच महिन्यात क्वार्टर सोडायचं होतं. कुठे जायचं, हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नव्हतं.

*

उजव्याचं.

चौदा वर्षं मी एका पायाने मशीन चालवली. भिंगारच्या बाजारात लतीफ मास्तरांचं फौजी कपड्यांचं दुकान आहे. तिथला माल घरी आणायचा, खिसे लावायचे, फिती लावायच्या, छातीवरच्या नावाच्या पट्ट्या लावायच्या. जाधव, सिंग, थापा, पिल्ले. सगळा हिंदुस्थान माझ्या सुईखालून गेला.

शहाण्णवच्या दिवाळीच्या आधी एका हवालदाराचा शर्ट सुईखाली होता आणि पाय उडाला.

दुखलं नाही. पोटरी आवळली, मांडी आवळली, आणि पाय आपला आपण खालीवर व्हायला लागला. मी थांब म्हणत होते, तो थांबत नव्हता. पायदान धडधडलं, चाक फिरलं, सुई खिशाच्या उघड्या तोंडावरून सरळ पलीकडे गेली. मला ते दिसलंच नाही. मी पायाकडे बघत होते.

दोन दिवसांनी मी माल न्यायला दुकानात गेले होते, तेव्हा हवालदार आला. छातीवर हात फिरवत म्हणाला, "ताई, माझा खिसा कुठाय?"

"बंद केला," लतीफ मास्तर म्हणाले. "पगार घरी पाठवा म्हणजे."

सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या वेळी कॉलर गेली, तेव्हा हवालदार दुसरा होता आणि तो हसला नाही. तिसऱ्या वेळेनंतर मास्तरांनी खिसे आणि कॉलरी देणं बंद केलं. "बेटा, फक्त पट्ट्या कर. पाय बरा झाला की बघू." पट्टीला किती मिळतात ते सांगत नाही. खिशाच्या निम्मे पण नाहीत.

रक्त तपासलं. फोटो काढला. मग पुण्याला नेऊन पायाला तारा लावल्या, करंट दिले. तिथल्या डॉक्टरांनी कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, कारण सांगता येत नाही, ह्या गोळ्या घ्या. नॉर्मल या एका शब्दासाठी आईची शेळी गेली होती. गोळ्यांनी झोप यायची. पाय झोपायचा नाही.

मी दोन गोष्टी शिकले. एक, मांडीवर थंड इस्त्री ठेवायची. उडणारा पाय थोडा दबतो. दोन, उजवा तळवा चाकावर ठेवायचा आणि पाय उडाला की चाक तळव्याने धरायचं. पायाला थांबवता येत नाही. चाकाला येतं. तळव्याची कातडी जाते, ती परत येते.

*

शब्दाचं.

पाय रात्री पहिल्यांदा उडाला तेव्हा आई, भागूबाई, उठून बसली आणि म्हणाली, "अगं बाई, अंगात वारं आलं हिच्या."

दादा अंधारातच म्हणाले, "या घरात तो शब्द नको."

वारं म्हणजे देवी अंगात येणं. माझ्या आजीच्या अंगात यायचं. केस सोडून घुमायची, लोक पाया पडायचे. सन छप्पनला दादांनी दीक्षा घेतली आणि घरी येऊन तिची देवीची परडी विहिरीत टाकली. आजी त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. एवढ्या किमतीला बाहेर काढलेला शब्द दादा मागच्या दाराने आत येऊ देणार नव्हते.

"मग काय म्हनू?" आई.

"काहीही म्हण. ते नको."

पाय अंथरुणात खालीवर, खालीवर चालला होता. आईने तो दोन्ही हातांनी धरला, त्याच्यासोबत तीही हलायला लागली. थोडा वेळ बघत राहिली.

"मशीन," ती म्हणाली. "मशीन चालू झाली."

तेव्हापासून तो शब्द. दादा सकाळी चहाच्या आधी विचारायचे, "रात्री मशीन होती का?" आई सांगायची, "हुती की, दोन तास." शेजारच्या मनकर्णा काकू एकदा भिंतीवरून म्हणाल्या, "चांगुणाला लई काम मिळालंया जनू. रात्रभर मशीन, रात्रभर मशीन." आई म्हणाली, "व्हय, लई." काकूंनी महिनाभर आमच्याकडे जळक्या नजरेने बघितलं.

आम्ही त्यावर हसायचो.

*

बुधवार, ४ जून.

बोर्ड बुधवारीच बसतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात साठ-सत्तर माणसं. दादांना रजा नव्हती, म्हणून सोबत आई. आमचा नंबर त्रेचाळीस. डॉक्टर तरुण होते, सकाळपासून वाकून वाकून त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"काय आहे?"

"पोलिओ," मी म्हणाले. "डावा."

त्यांनी कॅलिपर काढायला लावलं. पाय दाबला, वाकवला, मांडीला आणि पोटरीला टेप लावून आकडे सांगितले. कारकून लिहीत होता.

"काम काय करता?"

मी तोंड उघडलं तोवर आई पुढे झाली. तिला वाटलं मी दुखणं लपवतेय.

"मशीन, सायब. दिवसा मशीन, रात्री बी मशीन. थांबतच न्हाई."

डॉक्टरांनी मान वर केली. "रात्रीसुद्धा?"

"रात्री तर लईच. दोन-दोन तास. आमी म्हनतो, बाई आता थांब. पन तिच्या हातात हाय का?"

"उजव्या पायाने?"

"उजव्यानंच तर."

"कष्टाळू आहे," डॉक्टर म्हणाले.

"लई सोसती," आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण कुणीतरी अखेर ऐकलं होतं.

आई काय बोलतेय ते मला कळत होतं. डॉक्टर काय ऐकताहेत तेही कळत होतं. मध्ये बोलायला वेळ नव्हता. वेळ होता. कारकुनाने पेनात शाई भरली तेवढा तरी होता. पण उजवा उडतो हे सांगितलं, तर वरचे टक्के वाढतील आणि खालची ओळ जाईल. 'आहे' खोडलं जाईल. मला वाटलं, डावा एकटा चाळीस भरेल.

_तपासणी: डाव्या पायास पोलिओ. कॅलिपरने चालते. उजवा पाय सुदृढ. रुग्ण रात्रीसुद्धा मशीन चालवते._

_अपंगत्व: ३५ टक्के._

_शिवणकामास सक्षम आहे._ ('नाही' वर दोन रेघा.)

*

दादांनी कागद दिव्याखाली धरून तीन वेळा वाचला.

"रात्रीसुद्धा मशीन चालवते. हे कुणी सांगितलं?"

"मी," आई म्हणाली.

"कशाला?"

"त्यांनी इचारलं. मी जे हाय ते सांगितलं."

"अगं, डॉक्टरला काय माहीत आपली मशीन कुठली ते!"

"मग काय म्हनायचं हुतं म्या?" आईचा आवाज चढला. "मला एकच शब्द येत हुता. तो तुमीच काढून घेतला."

दादांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, परत काढली.

मी पट्ट्या मोजत होते. त्या आधीच मोजलेल्या होत्या.

*

बुधवार, ११ जून. मध्ये एक बुधवार उरला होता तो हाच.

तिघं गेलो. दादांनी बिनपगारी रजा काढली होती. फेरतपासणीचा अर्ज दादांनी स्वतः लिहिलेला, अक्षर डेपोतल्या खोक्यांवर मारतात तसं ठळक. डॉक्टर तेच.

"परत? काय चुकलं?"

"सायेब, ते मशीन म्हणजे ती मशीन नव्हे," दादा म्हणाले.

"मग कुठली?"

दादांनी टोपी काढून हातात घेतली. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग फरशीकडे. मागे रांग होती, रांग ऐकत होती.

"वारं," दादा म्हणाले.

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"अंगात येतं?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग इथे कशाला आणलंत? देवऋष्याकडे न्या."

रांगेत कुणीतरी हसलं.

"सायेब, आम्ही बौद्ध," दादा म्हणाले. "आमच्यात देव नाही, देवऋषी नाही. पाय आहे. तो उडतो."

डॉक्टर हसले नाहीत. माझ्या उजव्या पायाकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. पाय शहाण्यासारखा फरशीवर टेकलेला.

"उडू दे," डॉक्टर म्हणाले.

उडेना.

"बाहेर बाकावर बसा. उडाला की बोलवा. एक वाजता बोर्ड उठतं."

घड्याळात अकरा वीस.

*

अकरा पस्तीस. काही नाही.

अकरा पन्नास. बाकावर शेजारी कोपरापासून हात नसलेला एक माणूस. त्याने विचारलं, आम्ही काय बघतोय. आईने सांगितलं. तो म्हणाला, "माझं एक बरं हाय. हात न्हाई म्हनून दाखवायला वाट बघावी लागत न्हाई."

बारा पाच. आई वाकून पायाशी बोलायला लागली. "उड की रं बाबा. रात्री लई उडतोस. आता काय लाजतोस व्हय?"

"भागू, गप," दादा म्हणाले. मग जरा थांबून, हळूच, "जरा चिमटा काढून बघ."

काढला. दुखलं फक्त.

आठ महिने मी या पायाला थांब म्हणत होते. इस्त्री ठेवत होते, गोळ्या घालत होते. आता तो थांबला होता. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता आणि मी मनात म्हणत होते, एकदा. एकदाच. आणि लगेच: एकदा कशाला, तो उडाला तर खालची ओळ...

बारा पंचवीस. व्हरांड्याच्या टोकाकडून आवाज आला. खट खट खट खट. पायमशीन. पट्टा ढिला होता, तीन टाक्यांनंतर एक घसरत होता. हे मला इथे बसून कळलं.

मी उठले. कॅलिपर वाजवत गेले.

खोलीत चादरींचे ढीग आणि एक जाड बाई. "कोन पायजे?"

"मावशी, दहा मिनिटं मशीन द्या."

"का गं? घरी न्हाई का?" तिने चष्म्यातून कॅलिपरकडे बघितलं. "ही दवाखान्याची हाय. लंकाबाईच्या मशीनला सर्जन सायबबी हात लावत न्हाईत."

"पट्टा ढिला झालाय तुमचा."

"ते मला म्हाईत न्हाई व्हय? कोन करनार घट्ट?"

मी पट्ट्याची तार काढली, बोटभर पट्टा कापला, तार परत अडकवली. चाक फिरवून दाखवलं. लंकाबाई उठल्या. "बस," म्हणाल्या. "उशीचे अभ्रे हायेत. वाकडं शिवलंस तर उसवून देशील."

दादा डॉक्टरांना घेऊन दारात आले तेव्हा बारा चाळीस झाले होते.

मी अभ्र्याच्या एका बाजूची शिवण घातली. सरळ. दुसऱ्या बाजूची. सरळ. खालची. सरळ. डॉक्टर दाराला टेकून बघत होते. बारा सत्तेचाळीस. त्यांनी घड्याळ बघितलं.

"छान शिवता," ते म्हणाले आणि वळले.

पोटरी आवळली.

मला आधी कळतं, अर्धा श्वास आधी. तळवा चाकावर गेला. आठ महिन्यांची सवय, तो विचारून जात नाही. तळव्याखाली चाक, चाक माझ्या ताब्यात. डॉक्टरांची पाठ दारातून बाहेर पडत होती.

मी तळवा काढून घेतला.

पायदान धाडधाड वाजलं. अभ्रा सुईखाली ओढला गेला, उघडं तोंड शिवलं गेलं, सुई कडेवरून उतरली, दोरा खाली गोळा झाला, परत कापडावर चढली, परत उतरली, आणि तुटली. मशीन तरीही चालू होती. मी हात वर धरले होते, दोन्ही, सगळ्यांना दिसतील असे.

"माझी सुई!" लंकाबाई ओरडल्या.

डॉक्टर खाली बसले. पाय धरला. तो त्यांच्या हातांत उडत राहिला. त्यांनी दोन्ही हात घट्ट केले, तरी. अंगठ्याने पोटरी दाबली, तळपाय वर ढकलला, घड्याळ लावलं.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"रोज?"

"रोज."

"रात्री?"

"रात्री तर लईच," आई दारातून म्हणाली. "दोन-दोन तास."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांना कळलं. ते मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं.

"मला कारण सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण हे आहे. हे मी लिहितो." उभे राहिले. "फक्त मग खालची ओळ... अशा पायाने सक्षम कसं लिहू मी?"

बारा बावन्न.

"लंकामावशी, सुई द्या," मी म्हणाले.

"आनि ती बी मोडशील."

"नाही मोडत."

त्यांनी दिली. सोळा नंबरची. पाय अजून उडत होता. मी सुई बसवली, दोरा ओवला. दुसऱ्यांदा ओवला गेला. मग उजवा तळवा चाकावर. एकट्या डाव्या हाताने कापड. पाय म्हणेल तसं नाही, तळवा म्हणेल तसं. दोन टाके, धर. चार टाके, धर. तळव्याखाली चाक गरम झालं. नव्या अभ्र्याची पहिली शिवण कडेपासून कडेपर्यंत गेली. मध्ये एका जागी गव्हाच्या दाण्याएवढी हलली. लंकाबाईंनी ती उजेडाकडे धरून बघितली.

"उसवायची गरज न्हाई," त्या म्हणाल्या.

डॉक्टर परत टेबलापाशी आले, आम्ही मागे. कारकून दप्तर आवरत होता. नवा फॉर्म. वर त्यांनी पन्नास लिहिलं. खाली पेन थांबलं.

"काय लिहू?" त्यांनी मला विचारलं.

"मागच्या वेळी लिहिलंय तेच."

त्यांनी जुना कागद ओढून वाचला. हसू आलं, ते त्यांनी आवरलं. आणि लिहिलं: रुग्ण रात्रीसुद्धा मशीन चालवते. मग 'नाही' वर दोन रेघा मारल्या.

*

शुक्रवारी अर्ज दिला, चार वाजून दहा मिनिटांनी. पोच घेतली.

परीक्षा पुढच्या शनिवारी. ब्लाऊजची बाही लावायची होती. पाय एकदा उडाला, तळवा जागेवर होता. माझा नंबर दुसरा आला. पहिलीला राजूर लांब पडलं, ती रुजू झाली नाही.

मुलींना मी आधी चाक धरायला शिकवते, मग पायदान. का, ते विचारत नाहीत. पाय अजून उडतो. कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. दादा आता 'वारं' म्हणतात, मुद्दाम, मोठ्याने, आणि आई 'मशीन' म्हणायला तयार नाही. राजूरला आली की पाय चेपता चेपता म्हणते, "माझ्या एका शब्दानं वाटोळं झालं हुतं तुझं." मी म्हणते, जाऊ दे ना आई.

४ जूनला, डॉक्टर डाव्या पायाला टेप लावत होते तेव्हा, उजवा दोनदा उडाला; मी तो पदराखाली दोन्ही हातांनी दाबून धरला होता.